अयुथयात एक रात्र राहाच!

मनू, तुम्ही सगळे डिसेंबरात थायलंडला निघालात हे काकूकडून कळलं. फार बरं वाटलं गं. सासूबाईंनाही बरोबर नेते आहेस, हे तर छानच केलंस. पण तुमच्या कार्यक्रमात अयुथयापुढे ‘सकाळी जाऊन दुपारी परत’ असं लिहिलंय म्हणे, म्हणून थोरलेपणाच्या हक्कानं चार गोष्टी सांगायला बसले आहे. बाकीचं सगळं तुमच्या सोयीनं करा. फक्त अयुथयात एक रात्र मुक्काम करा.

का, ते ऐक. अयुथया बँकॉकच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. एवढं जवळ असल्यामुळे सहली काढणारे ते अर्ध्या दिवसात बसवतात. गाडी दहा-साडेदहाला पोचवते, भर उन्हात तीन-चार देवळांपुढे उतरवते आणि जेवण करून परत फिरते. नेमकं ऊन उतरून विटांचे मनोरे तांबूस दिसायला लागतात, तेव्हा ती माणसं बँकॉकच्या वाहतुकीत अडकलेली असतात. तिथल्या अवशेषांत सावली कमी. डिसेंबरातसुद्धा दुपारचं ऊन चटका देतं. मार्च ते मे या काळात तर विचारूच नकोस. मुक्कामाला राहिलात की दुपार खोलीत पंख्याखाली काढता येते आणि सकाळ-संध्याकाळ निवांत फिरता येतं. सासूबाईंचे गुडघे आणि छोट्या ओवीची किरकिर, दोन्ही सांभाळलं जातं.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. तिथे एखादं देऊळ बघून परत यायचं नाहीये, एक अख्खी राजधानी बघायची आहे. १३५० च्या सुमारास राजा उ-थाँगनं ती वसवली आणि रामाधिबोदी हे नाव घेऊन तो गादीवर बसला. नगरीचं नाव ठेवलं अयोध्येवरून. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांनी वेढलेलं हे बेट पुढे चारशेहून अधिक वर्षं सयामची राजधानी होतं. चिनी, जपानी, इराणी, पोर्तुगीज, डच, फ्रेंच असे सगळे व्यापारी नदीतून वर येत आणि बेटाबाहेर आपापल्या वस्त्या करून राहत. १७६७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मी सैन्यानं दीर्घ वेढ्यानंतर शहर घेतलं आणि जाळलं. आपल्याकडे पानिपत होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती, पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. इतिहासाच्या हिशेबात हे काही फार जुनं नाही. राजा ताक्सिननं राजधानी थोनबुरीला नेली, १७८२ मध्ये ती बँकॉकला गेली आणि नव्या शहराच्या बांधकामासाठी इथल्या विटा होड्यांत भरून नेल्या. मागे उरलं ते १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढी गोष्ट ओवीला आदल्या रात्री सांगून ठेव. मग तिथले धड-शीर वेगळे झालेले बुद्ध बघून ती “असं कोणी केलं?” म्हणून विचारेल, तेव्हा तिला काहीतरी उमगलेलं असेल.

आता जायचं कसं? माझं मत विचारशील तर रेल्वेनं. क्रुंग थेप अफिवाट हे बँकॉकचं नवं मोठं स्टेशन मेट्रोला जोडलेलं आहे. तिथून उत्तरेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या अयुथयाला थांबतात आणि साधारण दीड तासात पोचवतात. तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी स्वस्त, खिडक्या उघड्या, बाहेर भातखाचरं. सासूबाईंना वातानुकूलित डबा हवा असेल तर एक्सप्रेसचं तिकीट आधी काढून ठेव. तुमचं विमान डॉन मुआंग विमानतळावर उतरणार असेल तर बँकॉक शहरात शिरायचीही गरज नाही. रेल्वे स्टेशन विमानतळासमोरच आहे, पादचारी पुलावरून जाता येतं आणि तिथूनच अयुथयाची गाडी मिळते. मो चितच्या बस स्थानकावरून मिनीव्हॅनही सुटतात. त्या थेट बेटावर नरेसुआन रस्त्याला सोडतात, पण त्यांत सामानाला जागा जवळजवळ नसते. चार माणसं आणि बॅगा घेऊन त्या फंदात पडू नका.

रेल्वेनं गेलात तर एक लक्षात असू दे. अयुथयाचं स्टेशन बेटावर नाही, पा साक नदीच्या पूर्वेकडच्या काठावर आहे. स्टेशनसमोरच्या रस्त्यानं सरळ चालत गेलं की धक्का लागतो आणि छोटी होडी दोन-तीन मिनिटांत पलीकडे नेते. किरकोळ पैसे पडतात. ओवीला ते फार आवडेल. बॅगा जड असतील तर मात्र स्टेशनवरूनच टुकटुक करा. आणि हो, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. तुम्हीही राहा.

बेटावर फिरायला सायकल उत्तम. जमीन सपाट आहे, मुख्य अवशेष एकमेकांपासून जवळ आहेत आणि भाड्याच्या सायकली जागोजागी मिळतात. पण हे तुम्हा नवरा-बायकोला, तुला आणि मिलिंदला, तेही सकाळच्या वेळी. सासूबाई आणि ओवीसाठी टुकटुक ठरवा. तिथल्या टुकटुकचं तोंड बेडकासारखं गोल फुगीर असतं आणि मागे समोरासमोर दोन बाकं असतात, त्यामुळे चौघं आरामात बसता. भाडं तासावर ठरतं. चढण्याआधी दर, किती तास आणि कुठली ठिकाणं, हे तिन्ही पक्कं करून घे. नकाशाच्या कागदावर बोटानं दाखवून घेतलंस तरी चालतं. ग्रॅब आणि बोल्ट ही गाडी बोलवायची अॅपही तिथे चालतात, तेव्हा अडून राहायची वेळ येत नाही. स्कूटरचा मोह मिलिंदला होईल, कारण तिथेही वाहनं डावीकडून चालतात. पण आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना हाताशी नसेल तर अजिबात घेऊ देऊ नकोस. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि परक्या गावात दवाखान्याचा खर्च म्हणजे तोंडचं पाणी पळतं.

दोन दिवसांची आखणी अशी कर. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, जेवा, पडा. चारच्या सुमाराला होडीची फेरी घ्या. या होड्या बेटाला वळसा घालतात आणि सहसा तीन ठिकाणी थांबतात (तिथे ‘वाट’ म्हणजे देऊळ): वाट फनान छोएंग, वाट फुत्थायसवान आणि वाट चायवत्थनाराम. मुक्कामाच्या जागी आधी सांगून ठेवलं की ते ठरवून देतात. सासूबाईंना चालणं कमी पडतं आणि हे शहर पाण्याच्या आधारानं कसं वसलं होतं ते डोळ्यांना दिसतं.

फनान छोएंग हे देऊळ राजधानी वसण्याच्या आधीचं. आतला बसलेला बुद्ध १९ मीटर उंच, घडवला १३२४ मध्ये, आणि आजही तिथे पूजा चालू असते. चिनी वंशाच्या थाई लोकांची इथे फार श्रद्धा. भाविक भगवं वस्त्र अर्पण करतात. ते वर ओढून मूर्तीच्या खांद्यावर चढवतात आणि वस्त्राची लांब टोकं खाली बसलेल्यांच्या डोक्यावरून पसरतात. लहानथोर त्या कापडाखाली हात जोडून बसतात. तुम्हीही थोडा वेळ बसा. बघायला गेलेली माणसं म्हणून बाहेर रेंगाळू नका. तिथे सासूबाईंना काही समजावून सांगावं लागणार नाही.

चायवत्थनाराम हे १६३० मध्ये राजा प्रासात थाँगनं आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधायला घेतलं. मधे उंच ख्मेर धाटणीचा मनोरा, भोवती लहान मनोरे, आणि ओवऱ्यांच्या कडेनं ओळीनं बसलेले बुद्ध, बहुतेकांची शिरं नाहीशी झालेली. मावळतीला हे बघायचं. तिथे थाई मुली जुन्या पद्धतीचे रेशमी पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढताना दिसतील. २०१८ मधल्या एका अतिशय गाजलेल्या थाई मालिकेमुळे ही लाट आली. समोरच्या दुकानांत हे पोशाख मिळतात, ओवीला हवा असेल तर घेऊन दे. स्वच्छ, नीटनेटका पोशाख घालून देवळात येण्यात तिथे कुणाला वावगं वाटत नाही. २०११ च्या महापुरात हा सगळा परिसर पाण्याखाली होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे पाण्याचं भय असतं, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दारं उघडतानाच, वाट महाथाटला जा. पहिल्या खिडकीवरच सहा मुख्य ठिकाणांचं मिळून एक तिकीट मागा, सुट्या तिकिटांपेक्षा ते परवडतं. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मुख तू चित्रांत पाहिलं असशील, ते इथलं. जवळ जाऊन नीट बघ. मुळं गालांच्या कडेनं अशी उतरली आहेत की कपाळ, मिटल्यासारखे डोळे, नाक आणि ओठ तेवढे मोकळे राहिलेत. मान नाही, खांदे नाहीत. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्या मुखाच्या वर येऊ द्यायचं नाही. तसा फलक आहे आणि राखणदारही सांगतो. पण सांगायची वेळ येऊ देऊ नका, ओवीला आधीच सांग. आणि मुंडकं नसलेल्या मूर्तीमागे उभं राहून आपलं डोकं त्या जागी दाखवणारे फोटो कधीही काढू नका. थाई माणसाला ते मनापासून लागतं. तो गप्प राहील, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

रस्ता ओलांडला की वाट राचाबुराना. याची कथा काळीज हलवणारी आहे. गादीसाठी दोन भाऊ हत्तींवरून एकमेकांवर चालून गेले आणि दोघंही मेले. धाकटा तिसरा भाऊ राजा झाला. त्यानं १४२४ मध्ये भावांच्या दहनभूमीवर हे देऊळ बांधलं. मनोऱ्याच्या पोटात तळघर आहे, अरुंद आणि उभ्या पायऱ्यांचं. भिंतींवर पुसट झालेली चित्रं आहेत. सासूबाईंना खाली नेऊ नका, तुम्ही दोघं पाळीपाळीनं जाऊन या. १९५७ मध्ये चोरांनी हे तळघर फोडलं. पळवलेल्यातलं काही परत मिळालं, काही पुढच्या उत्खननात सापडलं. तो सोन्याचा ठेवा चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. राजखड्गाची रत्नजडित मूठ-म्यान आणि अंगभर खडे जडवलेला छोटा सोन्याचा हत्ती बघितल्यावर ही नगरी किती श्रीमंत होती याची कल्पना येते. दुपारचं ऊन टाळायला हे संग्रहालय अगदी योग्य. तुमचा दिवस सोमवार-मंगळवार येणार नाही एवढं मात्र बघून घे.

दुपारच्या आधी वाट फ्रा सी सान्फेतचे तीन स्तूप बघून घ्या. हे राजवाड्याच्या आवारातलं देऊळ, इथे भिक्षू राहत नसत. स्तूपांत राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या. इथली १६ मीटर उंच सोन्यानं मढवलेली बुद्धमूर्ती १७६७ मध्ये आगीत घातली आणि सोनं वितळवून नेलं. शेजारच्याच विहारात फ्रा मोंगखोन बोफित ही भव्य काशाची मूर्ती आहे. कितीतरी वर्षं ती उघड्यावर होती. १९५० च्या दशकात विहार पुन्हा उभा राहिला, तेव्हा ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी त्यासाठी देणगी दिली. ज्यांच्या सैन्यानं हे शहर जाळलं, त्यांच्याच देशाकडून ही मदत आली, हे ओवीला आवर्जून सांग. शाळेच्या पुस्तकात लढाया येतात, या गोष्टी येत नाहीत.

ऊन उतरल्यावर, बॅगा टुकटुकमध्ये घालूनच, वाट याई चाय मोंगखोनला जा. ते बेटाबाहेर, स्टेशनच्याच बाजूला आहे, म्हणून ते शेवटी ठेवायचं. मोठ्या स्तूपाच्या पायऱ्या चढून वर जाता येतं. सासूबाईंनी खालीच, पिवळी वस्त्रं पांघरलेल्या बुद्धांच्या रांगेजवळ, सावलीत बसावं. मग तिथून स्टेशन, आणि संध्याकाळची गाडी.

आता वागण्या-नेसण्याचं. अवशेष असले तरी ती देवस्थानं आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून पातळ सुती कुर्ते आणि सैल सलवारी बऱ्या. सासूबाईंची साडी तर उत्तमच. विहारात शिरताना चपला बाहेर, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, विटांच्या भिंतींवर चढायचं नाही. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, त्यांच्या हातात थेट काही द्यायचं नाही. गाडीतही त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, तिथे बसू नका. बाजारात बुद्धाची मुंडकी शोभेला म्हणून दिसतील, ती घेऊ नका. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, आणि परवान्याचं सोडलं तरी, एवढं सगळं बघून आल्यावर ती दिवाणखान्यात मांडावीशी वाटणार नाही. हत्तीवर बसायचा आग्रह होईल, तिथेही नकोच म्हणा. डांबरी रस्त्यावर माणसं पाठीवर घेऊन दिवसभर फिरणाऱ्या जिवाचे हाल आपण पैसे देऊन वाढवायला नको.

खाण्याची काळजी तुला लागली असेल. तिथे साध्या भाजीतही माशाचा सॉस पडतो, म्हणून नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘किन जे खा’ म्हणायचं. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी आणि कांदा-लसूणसुद्धा नाही, म्हणजे सासूबाईंच्या एकादशीच्या आदल्या दिवसालाही चालेल असं. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान दिसलं की डोळे मिटून शिरा. तुम्ही दोघं मांसाहारी, तर नदीतली भाजलेली मोठी कोळंबी आणि होडीवरच्या पद्धतीच्या नूडल्स नक्की खा. नूडल्सच्या रश्श्यात डुकराचं किंवा गाईचं रक्त घालतात, तेव्हा आधी विचारून घ्या. तांदळाचा पुलाव, दही-लोणच्याची पाकिटं आणि थेपले बरोबर असू देत.

गोड म्हणजे रोटी साय माय, ही अयुथयाची खास ओळख. तिथल्या मुसलमान वस्तीतल्या लोकांनी ती नावारूपाला आणली. उ-थाँग रस्त्यावर, रुग्णालयाजवळ, ओळीनं दुकानं आहेत. बाई तव्यावर ओल्या पिठाचा गोळा हातानं थापटून उचलते आणि मागे कागदासारखी पातळ रोटी राहते. वेगळ्या पिशवीत रंगीत साखरेचे तंतू, आपल्या म्हातारीच्या केसांसारखे. रोटी तळहातावर घ्यायची, तंतू तोडून मधे ठेवायचे, गुंडाळायचं आणि लगेच खायचं. अंड्याच्या बलकाच्या सोनेरी शेवया, फोय थाँग, याही दिसतील. अयुथयाच्या दरबारात वावरलेल्या मारिया गुयोमार द पिन्या या बाईंना त्या मिठाईचं श्रेय देतात. मूळ कृती पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथयाच्या दरबारात पोचला. नदीकाठी त्यांच्या वस्तीचे आणि चर्चचे अवशेष आहेत. तू माहेरची गोव्याकडची, तुला तिथे जावंसं वाटेलच.

तिसऱ्या दिवसाची सवड निघाली तर जवळच बांग पा-इन हा उन्हाळी राजवाडा आहे. तळ्यात उभा असलेला छोटा मंडप आणि राजा चुलालोंगकोर्नच्या काळातल्या इमारती आहेत. तिथेही पोशाखाचे नियम कडक आहेत. नदीपलीकडे बाहेरून थेट चर्चसारखं दिसणारं एक बौद्ध देऊळ आहे, वाट निवेत. तारेवरून सरकणाऱ्या छोट्या पाळण्यात बसून पलीकडे जायचं.

निघण्याआधी दोन कामं. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरा. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या नकली संकेतस्थळांना बळी पडू नका. आणि चौघांच्या पासपोर्टची मुदत किमान सहा महिने आहे ना, तेही आजच बघ.

एक रात्र वाढवायची म्हणजे बँकॉकमधला एखादा मॉल कमी होईल, एवढंच. मॉल मुंबईतही आहेत. म्हणून आज जेवताना मिलिंदशी बोल, बँकॉकच्या हॉटेलची एक रात्र कमी कर आणि अयुथयाच्या बेटावर नदीकाठी दोन खोल्या बघ. सासूबाईंची खोली तळमजल्यावर माग.